झोपून बघायची खिडकी

हात्सुए लग्न करून त्या घरात आली तेव्हा घराला आधीच दुसऱ्या कुणाचं तरी नाव चिकटलेलं होतं. कागेउरा गावात कुणालाही विचारलं, "ओरितांचं घर कुठं?" तर माणूस जरा डोकं खाजवायचा आणि मग त्याचा चेहरा उजळायचा. "हां, म्हणजे मिकुरा सेन्सेईंचं घर! मग तसं सांगा की."

मिकुरा शूहो हा लेखक दुसऱ्या महायुद्धाच्या आधी दोन हिवाळे तिथं भाड्यानं राहिला होता. तेव्हा त्याला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं. खोकत खोकत चढ चढणारा एक हडकुळा माणूस, एवढंच गावातल्या म्हाताऱ्यांना आठवत होतं. पुढं त्याचं नाव झालं, लोक त्याला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणू लागले, शाळेच्या पुस्तकात धडा आला, तो वारला, आणि ज्या कादंबरीवर लोक वेडे झाले ती त्यानं याच घराच्या मागच्या खोलीत लिहिली हे कुणीतरी शोधून काढलं. तोवर घर ओरितांनी विकत घेतलं होतं. विकत घेताना त्यांना फक्त एवढंच दिसलं होतं की छप्पर बरं आहे आणि गोदी जवळ आहे.

हात्सुएचा नवरा योशिहेई गोदीत लाकडी बोटींचा सुतार होता. दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. हात्सुए मात्र समोरच्या बेटावरच्या संत्र्यांच्या बागेत वाढलेली, खळखळून हसणारी आणि वाऱ्याशीही बोलणारी. गाव सगळं चढावर, घरं एकावर एक रचल्यासारखी, आणि मधून दगडी पायऱ्या. पाटी पाठीवर घेऊन त्या पायऱ्या ती चढायची तेव्हा वाटेतल्या मांजरांचीही विचारपूस करायची.

सेन्सेईंच्या खोलीचा पहिला पाहुणा आला तेव्हा तिची मुलगी नोरिए तीन महिन्यांची होती. पाहुणा म्हणजे क्योतोचे कुणी प्राध्यापक, कडक कॉलर, हातात मिठाईचा डबा. "ती खोली एकदा डोळे भरून बघता येईल का?" असं त्यांनी इतक्या वाकून विचारलं की हात्सुएला नाही म्हणवेना. तिनं सरकतं दार उघडलं. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर पोरीची दुपटी-लंगोट वाळत टाकलेले. प्राध्यापक क्षणभर थबकले. मग गुडघ्यावर बसून, कपाळ चटईला टेकवून, त्यांनी त्या लंगोटांना मनोभावे नमस्कार केला.

संध्याकाळी तिनं योशिहेईला हे सांगितलं तर तो जेवता जेवता ठसकला. "अगं, तू ते काढायचेस तरी."

"अहो, मला वाटलं सेन्सेईंनासुद्धा पोरंबाळं असतील!"

तेव्हापासून माणसं येत राहिली, आणि हात्सुए त्यांना सातूचा चहा देत राहिली. सेन्सेईंचं एकही पुस्तक तिनं वाचलेलं नव्हतं. एकदा घेतलं होतं हातात. दहा पानांत कुणी उठेना की जेवेना, म्हणून ठेवून दिलं.

नोरिए नऊ वर्षांची असताना एका सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसले. मग पाय सुजले. मूत्रपिंडाचं दुखणं, डॉक्टर म्हणाले. त्या काळी त्यावर उपाय म्हणजे अंथरूण. उठायचं नाही, पळायचं नाही, आणि मिठाचा कण खायचा नाही. सोया सॉस बंद, मिसोचं सार बंद, मुळ्याचं लोणचं बंद. घरातली शांत आणि उबदार खोली मागचीच, म्हणून तिचं अंथरूण तिथं घातलं.

पहिल्या आठवड्यात पोरीनं ताट ढकलून दिलं. "हे जेवण आहे? ओल्या कापसासारखं लागतंय. तुम्ही तिकडं छान छान खाता आणि मला हे!"

हात्सुएनं आपलं ताट आणून तिच्याशेजारी ठेवलं. "चाखून बघ." नोरिएनं चाखलं. तेही अळणीच होतं. पोरगी आईच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग मुकाट्यानं जेवली. त्या दिवसापासून हात्सुएनं मीठ सोडलं. नवऱ्यासाठी वेगळं शिजवायची, पण स्वतः मुलीबरोबर अळणीच खायची.

त्या खोलीत एकच खोट होती, ती अंधारी होती. तीन बाजूंना घर आणि चौथ्या बाजूला कोरी मातीची भिंत. भिंतीपलीकडं शाळेकडं चढणाऱ्या पायऱ्या, त्यांच्याखाली सामुद्रधुनी आणि बेटावर जाणारी फेरीबोट. नोरिएला मुलांचे आवाज ऐकू यायचे, दिसायचं काही नाही. भिंतीकडं तोंड करून ती कान लावून पडून राहायची.

एका रविवारी योशिहेई हत्यारं घेऊन आला. मुलीला बाजूच्या खोलीत हलवलं आणि तिच्या अंथरुणावर स्वतः आडवा झाला. डावीकडून वळून बघितलं, उजवीकडून बघितलं, कोळशानं भिंतीवर खूण केली.

"अहो, हे काय चाललंय? इतक्या खाली कुणी खिडकी काढतं का? उभ्या माणसाला गुडघ्याशी येईल."

"उभ्या माणसासाठी काढतोय कुठं?" तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत खिडकी झाली. मोडीत निघालेल्या बोटीचं लाकूड, त्यात काच, आणि एका बोटानं सरकेल अशी चौकट. नोरिएला परत आणून झोपवलं तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर पायऱ्या होत्या, पायऱ्यांवरचे पाय होते, आणि पायांच्या मधून समुद्र. पोरगी काचेला नाक लावून म्हणाली, "बाबा, फेरीबोट लाल आहे! रंगवली कधी?"

मग ती पायऱ्यांची राणीच झाली. पायांवरून माणूस ओळखायची. "गेन्झोकाका, टोफू सांडतोय! आज सकाळीच पिऊन आलात काय?" गेन्झो टोफूवाला वाकून खिडकीत बघायचा. "गप गं सटवे! झोपून झोपून जीभ तेवढी लांब झालीय तुझी." आणि जाताना रोज खिडकीत एक वडी ठेवून जायचा, अळणी टोफू तिला चालायचा म्हणून.

सेन्सेईंचे पाहुणे आता आजारी मुलीच्या खोलीत शिरायला संकोचायचे. पण नोरिएच त्यांना आत बोलवायची. उशीला टेकून बसायची आणि माहिती सांगायची. "मिकुरा सेन्सेई इथंच बसायचे. इथून मुलांना शाळेत जाताना बघायचे. त्यांना रताळी फार आवडायची. साली या खिडकीतून खाली टाकायचे, म्हणून अजूनही पाय घसरतो तिथं. जपून जा हं." एक शिक्षक तर हे वहीत उतरवून घ्यायला लागले तेव्हा हात्सुए तोंडाला पदर लावावा तशी बाही लावून स्वयंपाकघरात पळाली.

"कार्टे, मेलेल्या माणसाबद्दल थापा मारतेस?"

"आई, ते कुठं नाही म्हणायला येणार आहेत? आणि मला माहितीये, सेन्सेईंनासुद्धा कंटाळा आलेला असणार. एवढं लांबलचक पुस्तक कोण लिहितं कंटाळा आल्याशिवाय?"

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी वादळांचे दिवस संपता संपता नोरिएला श्वास पुरेना झाला. शहरातल्या रुग्णालयात न्यायचं ठरलं. पायऱ्यांवरून खाली न्यायला योशिहेईनं तिला पाठुंगळी घेतलं, हात्सुए मागून अंथरुणाची वळकटी घेऊन निघाली. खिडकीपाशी नोरिए म्हणाली, "बाबा, थांबा. बाहेरून बघू दे." त्यानं वाकून तिला दाखवलं. "इथून तर आत काहीच दिसत नाही, नुसता अंधार," ती म्हणाली. "म्हणजे लोकांना मी दिसत नव्हतेच." फेरीबोटीवरच तिची शुद्ध हरपली. ती परत आली ती राख होऊन, बाबांच्या गळ्यात बांधलेल्या पांढऱ्या फडक्यातल्या डब्यातून.

दुसऱ्या दिवशी शेजारीण मिसोचं सार घेऊन आली. "दोन घोट घे गं बाई, पडशील अशानं." हात्सुएनं वाटी तोंडाला लावली. दोन वर्षांनी जिभेवर मीठ आलं होतं. तिची जीभ सुखावली. सगळं अंग त्या साराच्या मागं धावलं, आणि तिनं वाटी रिकामी केली. मग रिकाम्या वाटीकडं बघून ती अशी ओरडली की शेजारीण घाबरून योशिहेईला हाका मारायला लागली. ते सार आवडलं याबद्दल तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

पाहुणे येतच राहिले. ती चहा देत राहिली. तो वहीवाला शिक्षक काही वर्षांनी पुन्हा आला, इकडंतिकडं बघत म्हणाला, "ती गोड मुलगी कुठंय? रताळ्यांची गोष्ट सांगणारी?"

"ती गेली," हात्सुए म्हणाली.

"अरे वा! शहरात शिकायला?"

हात्सुएनं त्याच्या हसऱ्या चेहऱ्याकडं बघितलं. "हो," ती म्हणाली. "चहा घ्या ना, निवतोय."

त्यांना दुसरं मूल झालं नाही. दुपारची कामं उरकली की हात्सुए त्या खोलीत मुलीच्या जागी आडवी व्हायची. तिथं पडलं, गाल चटईला टेकला, की पायऱ्यांवरचे पाय दिसायचे आणि नोरिएचा आवाज कानाशी यायचा. गेन्झो वारला, त्याच्या मुलानं टोफूचा धंदा सोडला. चढावरची घरं एकेक करून रिकामी झाली, कारण वर गाडी येत नाही आणि म्हाताऱ्यांच्यानं पायऱ्या चढवत नाहीत. शाळाही बंद पडली. खिडकीतून आता मांजरंच जास्त दिसायची.

योशिहेईचे गुडघे गेले तेव्हा गावच्या कचेरीतून मुरोझुमी नावाचे साहेब आले. अतिशय सभ्य माणूस. मिकुरा सेन्सेईंचं स्मारक करायचंय, म्हणाले. घर गावाला द्या, तुम्हाला खाली सपाटीवर सरकारी इमारतीत जागा देऊ.

"घर पाडणार नाही ना?" योशिहेईनं विचारलं.

"छे छे! एक खिळा इकडचा तिकडं होणार नाही. होतं तसंच जपायचंय."

नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं. त्यांच्यामागं या घराला होतं कोण? शेजारची दोन घरं छप्पर बसून कोसळलेली रोज दिसत होती. योशिहेईनं सही केली.

'होतं तसं' म्हणजे सेन्सेईंच्या वेळी होतं तसं, हे त्यांना नंतर कळलं. योशिहेईनं बायकोसाठी बांधलेलं स्वयंपाकघर पाडलं गेलं. न्हाणीघर गेलं. त्याचं त्यांना फार वाटलं नाही. पण मग मुरोझुमीसाहेब एक जुना फोटो घेऊन आले. सेन्सेई मेजाशी बसलेले, समोर कोरी भिंत. "जाणकारांची समिती म्हणते, ही खिडकी नंतरची आहे. सेन्सेई भिंतीकडं तोंड करून लिहायचे, हेच तर महत्त्वाचं आहे. ती बुजवावी लागेल."

हात्सुए एरवी किती बोलायची. "साहेब, तेवढी राहू द्या," एवढंच ती म्हणाली. "ती आमच्या मुलीची आहे."

मुरोझुमींनी मान खाली घातली. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. "ओरिताकाकू, लोक लांबून सेन्सेईंची खोली बघायला येणार. माझ्या हातात असतं तर…"

योशिहेई मध्येच म्हणाला, "बुजवायचीच असेल तर मी बुजवतो. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

गुडघ्यांना पट्ट्या बांधून तो पायऱ्या चढला. चौकट सोडवायला त्याला अख्खी सकाळ लागली, कारण ती निघू नये अशीच त्यानं बसवली होती. मग बांबूच्या कामट्या विणल्या. हात्सुए माती आणि पेंढा पायांनी तुडवून देत होती, तो थापीनं लावत होता. खालून वर भोक लहान होत गेलं. पायऱ्या गेल्या, मग समुद्र गेला. शेवटी हाताएवढं आभाळ राहिलं तेव्हा त्याची थापी थांबली.

"अगं, जरा बघून घे," तो म्हणाला.

"नाही. लावा तुम्ही," हात्सुए म्हणाली, आणि त्याच्या हातात मातीचा गोळा दिला.

भिंत वाळल्यावर खिडकी कुठं होती हे कुणाला बोटानं दाखवता आलं नसतं. समितीनं फार कौतुक केलं. त्याच हिवाळ्यात योशिहेईला न्यूमोनिया झाला आणि तो गेला. नव्या घरात त्यानं एक खिळाही ठोकलेला नव्हता.

स्मारक उघडल्यावर वर्षभर हात्सुए तिकडं फिरकली नाही. मग एका वसंतात, पायऱ्यांवर गर्दी नसेल अशा सकाळी, ती काठी टेकत वर गेली. दारात मितानी नावाच्या बाई माहिती सांगायला असायच्या. ओसाकाला नोकरी करून निवृत्तीनंतर माहेरी परतलेल्या. त्यांनी हात्सुएला ओळखलं नाही. "या आजी, गावातल्या ज्येष्ठांना तिकीट नाही. पायरी सांभाळा हं."

मागच्या खोलीत टोकियोहून आलेल्या चार-पाच बायका गुडघ्यांवर बसल्या होत्या. नोरिएच्या अंथरुणाच्या जागी एक मेज, त्यावर दौत. मितानीबाई सांगत होत्या, "सेन्सेई या कोऱ्या भिंतीकडं बघत लिहायचे. बाहेरचं जग दिसू नये म्हणून." एका तरुण बाईनं रुमाल काढून डोळे टिपले.

हात्सुए सगळ्यांच्या मागं बसली होती. तिनं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "इथं खिडकी होती."

सगळ्या वळल्या. मितानीबाई हसल्या, म्हाताऱ्या माणसाशी हसावं तशा. "नाही आजी, इथं खिडकी कधीच नव्हती. अभ्यासकांनी पक्कं तपासलंय ते."

"हो का," हात्सुए म्हणाली. "मग माझीच काहीतरी गल्लत झाली असेल." आणि ती रडायला लागली. तरुण बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "आजी, तुम्हालाही सेन्सेई इतके आवडतात?" हात्सुएनं मान डोलवली. दुसरं काय करणार?

मितानीबाईंना ते रडणं खटकलं. त्यांनी शेजारीपाजारी विचारलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात मिठाईचा डबा घेऊन त्या हात्सुएच्या दारात आल्या. उंबऱ्यातच गुडघे टेकले. "ओरिताकाकू, मला जोड्यानं मारा. मी तुमच्या तोंडावर नाही म्हणाले."

"उठा हो, फरशी गार आहे," हात्सुए म्हणाली. "पोटात दुखेल."

चहा झाल्यावर मितानीबाई म्हणाल्या, "मी येणाऱ्या लोकांना सांगणार आहे. खिडकीचं, तुमच्या मुलीचं. समितीला काय म्हणायचं ते म्हणू दे."

"नको." हात्सुएनं कप खाली ठेवला. "ते त्यांच्या माणसाला भेटायला येतात. त्यांना मध्येच माझी पोर दाखवायची, ते 'अरेरे' म्हणणार आणि पुढच्या खोलीत जाणार. मला नाही सोसायचं ते."

मितानीबाई हळूच म्हणाल्या, "मला तरी सांगाल? कशी होती ती?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. हात्सुएचा चेहरा फुलला. गेन्झोचा टोफू, रताळ्यांच्या साली, वहीत उतरवून घेणारा शिक्षक, सगळं ती सांगत सुटली. "आणि मग ती म्हणायची…" असं म्हणून ती थांबली. नोरिएची नक्कल करायला तिनं तोंड उघडलं होतं. आवाज आठवेना. शब्द सगळे होते, पण ते तिच्या स्वतःच्याच आवाजात येत होते. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मितानीबाईंचा हात धरला. "तिथं आडवं झालं की ऐकू यायचा हो. इथं मला नाही येत."

सोमवारी स्मारक बंद असतं. त्या सोमवारी मितानीबाईंनी कुलूप काढलं, मेज बाजूला सरकवलं आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. आत हात्सुए मुलीच्या जागी, भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली तेव्हा गालावर चटईचे वळ उमटले होते.

"आला ऐकू?" मितानीबाईंनी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. "चला, उतरू या. ऊन वाढेल."

त्यानंतर ती वर गेली नाही. मितानीबाई सोमवारी तिच्याकडं यायच्या, भाजी निवडून द्यायच्या. नोरिएचा विषय हात्सुएनं काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. हवापाणी, गुडघे, बाजारात आलेली ताजी मासळी, असं बोलणं व्हायचं. पुढच्या वर्षी चेरी फुलायच्या आधी, झोपेतच, ती गेली.

अस्थी देवळामागच्या उतारावर, योशिहेई आणि नोरिएच्याच दगडाखाली ठेवल्या. पाहुण्यांची वाट त्या बाजूनं जात नाही. गवत फार वाढतं तिथं. मितानीबाई जमेल तेव्हा जाऊन काढतात.